बाबांच्या मांडीतली दोरी

लेकीच्या गुडघ्यात बापाच्या मांडीतली दोरी, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा चिवट पट्टा, बसवायची, असं डॉक्टरांनी सुचवलं तेव्हा तिची आई शिवणाचं काम अर्धवट टाकून दवाखान्यात आली होती. बास्केटबॉल खेळताना मुलगी पडली आणि गुडघ्यातलं हाडांना जोडून धरणारं लिगामेंट तुटलं. तिच्या स्वतःच्या मांडीतल्या दोऱ्या फारच बारीक होत्या. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा, अंगापिंडानं दणकट. तो म्हणाला, "काढा माझी. नाहीतरी हिच्यामागे धावून ती झिजणारच होती."

दोघांची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. घरी बापलेक शेजारी शेजारी पाय पसरून बर्फाच्या पिशव्या धरून बसायचे आणि कोण जास्त कण्हतं यावरून भांडायचे. तो आधी उठला. एक पाय दणकन टाकायचा, दुसरा जरा ओढायचा. तसाच लंगडत कामावर रुजू झाला आणि थोड्याच दिवसांत एका इमारतीच्या जिन्यात कोसळला. हृदय बंद पडलं. ऑपरेशनचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. आईला ते पटलं. तरी लेकीच्या गुडघ्याकडे नजर गेली की ती मान फिरवायची, आणि त्याची तिला लाज वाटायची.

एका दुपारी ती मशीनवर पडद्याला काठ घालत होती. बाहेरच्या खोलीत पावलं वाजली. एक दणकन, दुसरं ओढत.

"आलात? चहा टाकते," ती म्हणून गेली, आणि तिचा हात चाकावर थिजला.

दारात लेक उभी होती. पांढरीफटक.

"मीच आहे, आई."

"तू अशी का चालतेस? तुला तर पाय नीट टाकायला शिकवलंय ना?"

मुलगी दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "मी व्यायाम बंद केलाय. डॉक्टर म्हणाले होते ना, बाबांच्या पेशी मरतात आणि तिथे माझ्या शिरतात. शेवटी सगळं माझंच होतं. मला नाही करायचं ते."

आईनं तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण आधी तिच्या मनात आलं, बरं झालं, राहू दे त्यांना तिथेच. या विचारानं तीच दचकली.

दुसऱ्या दिवशी दोघी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग गुडघा हातात धरून म्हणाल्या, "हे बघ, तुझ्याशी खोटं बोलत नाही. दोरी कापली तेव्हाच तिचा रक्तपुरवठा तुटला. बाबा शेजारच्या खाटेवर हसत होते, तेव्हाच तिच्यातल्या पेशी मरायला लागल्या होत्या. उरला तो सांगाडा. त्याला धरूनच तुझं शरीर नवं विणतंय. हाडात भोक पाडून दोरी ओवलीय, तिथे बारीक तंतू मुळांसारखे रुजतायत. पाय आखडून ठेवलास तर तो आखडलेलाच राहील. पेशी तर तुला न विचारताच बदलणार."

"म्हणजे ते आधीच..." आईच्या तोंडून निघालं.

"दोरीतले, हो," बाई हळूच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आईनं लेकीच्या टाचेखाली टॉवेल घातला आणि तो ओढून गुडघा वाकवायला मदत केली. मुलगी रडत होती. दुखत होतं म्हणून की कशानं, आईनं विचारलं नाही. पुढे रोज असंच चाललं. पावलं हळूहळू सारखी पडू लागली आणि घर गप्प झालं. कधीकधी मशीन चालवता चालवता आई उगाच थांबायची, कान द्यायची. काही नसायचं.

वर्ष उलटून गेल्यावर बाईंनी गुडघ्याचा एमआरआयचा फोटो उजेडासमोर धरला. दोरी छान रुजली होती. हाड कुठे संपतं नि ती कुठे सुरू होते, ते नीटसं कळतच नव्हतं.

"यातलं त्यांचं कुठलं?" आईनं विचारलं.

"आता नाही सांगता येणार, ताई."

परतताना मुलगी पुढे जिना उतरत गेली, खेळाच्या बुटांत, आवाज न करता. वळणाआड ती दिसेनाशी झाली. आई कठड्याला धरून थांबली. खाली काहीच वाजत नव्हतं.

"अगं, आहेस ना?"

"आहे," खालून आवाज आला.