घेवरचंदांच्या घरातली कोंबडी

अंतर्यामी महाराजांना माणसाच्या मनातलं सगळं दिसे. मात्र ज्याच्या घरी वायफाय नाही, त्याला मन आहे की नाही हेही त्यांना सांगता येत नसे. अनसिंग गावात हे बरेच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. चमत्कार पाहायला आलेला माणूस न झालेले चमत्कार मोजत नाही.

गुरुवारी मंडपात मुंगीला शिरायला जागा नसे. महाराज डोळे मिटत, "तरंग आले, तरंग आले" म्हणत आणि कोणाच्या जावयाची दारू, कोणाच्या पोराचं परदेशाचं वेड बाहेर काढत. पुढच्या रांगेत हरीओम हात जोडून बसलेला असे. गावाला इंटरनेट देणारा तोच. घरोघरचा वायफायचा डबा त्यानंच बसवलेला.

एका गुरुवारी महाराज कापडवाल्या घेवरचंदांकडे वळले. "शेटजी, तुमच्या घरात कोणाच्या तरी अंगात गाठ हाय. चाकू लागला का पसरते. अंगारा लावा."

गाठ त्यांच्या लेकीला, कृतिकाला होती आणि तिनं ती आईलाही सांगितली नव्हती. आता सांगावी लागली. वाशिमच्या डॉक्टरांनी तपासून तातडीनं नागपूरला जायला सांगितलं. पण ज्यानं न सांगता ओळखलं तोच बरी करील, असं म्हणून घेवरचंदांनी नागपूर रद्द केलं आणि अंगारा सुरू केला.

कृतिका वाशिमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. आपण ही गोष्ट कोणाजवळ बोललो, हे ती आठवत बसली. कोणाजवळच नाही. फक्त घरी मोबाइलवर कॅन्सरच्या दवाखान्यांच्या साइट उघडल्या होत्या. साइट उघडताना मोबाइल आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय? तो प्रश्न उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, आणि त्यांच्या घरच्या डब्यातून तो जात होता हरीओमच्या मशीनकडे.

हरीओमला ती दर वर्षी राखी बांधायची. महाराज खरे निघाले तर बरं, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

तिनं वडिलांना अट घातली. अंगारा लावत राहीन, पण एक काम तुम्ही करायचं. ज्या जैन घरात बटाटा उंबरा ओलांडत नाही, तिथं घेवरचंदांनी स्वतःच्या बोटानं कुक्कुटपालनाच्या साइट उघडल्या. प्रत्येक साइटनंतर "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून क्षमा मागत.

पुढच्या गुरुवारी महाराज थरथरले. "शेटजी, तुमच्या घरात कोंबड्या फडफडून राह्यल्या. कोण्या तरण्या पोराच्या मनात पाप हाय."

मागून कोणीतरी विचारलं, "शेटजी, अंडे काय भाव देसान?"

घेवरचंद उठले. "महाराज, तरणं पोर नाही, मीच होतो. अन् कोंबडी माह्या मनात कधीच नव्हती. फक्त डब्यात होती."

मग कृतिका उभी राहिली. "आज सकाळी डब्यात एन्क्रिप्टेड डीएनएस चालू केलं. आता साइटचा पत्ता इचारणारा आमचा प्रश्न बंद लिफाफ्यात दुसरीकडेच जाते. सकाळपासून आमी काय पाहून राह्यलो, तेवढं सांगा."

महाराजांनी हरीओमकडे पाहिलं. हरीओमनं मोबाइलकडे पाहिलं. तरंग रुसले, असं महाराज म्हणाले.

लोकांनी हरीओमला घेरलं. तो कृतिकाला म्हणाला, "ताई, म्या फक्त साइटची नावं देल्ली. आत काय वाचलं ते मले दिसतच नाही."

"माह्या गाठीचंबी नावच देल्लं ना, भाऊ."

दुसऱ्या दिवशी बापलेक नागपूरला गेले. गाठ साधी निघाली. तशी निघाली नसती, तरी मधले दिवस अंगाऱ्यातच गेले असते. म्हणून सांगणं एवढंच: कोणी मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी आठवून पाहा, ही गोष्ट आपण कुठं टाइप केली होती का.

परत आल्यावर कृतिकानं घरोघर जाऊन ती सेटिंग लावून दिली. हरीओमची आई रंगूबाई हिनंही तिला बोलावलं. लेकाचं तोंड पाहायची तिला लाज वाटत होती. कृतिकानं तिथला डबा उघडून पाहिला.

त्या घरात काही करावं लागलं नाही. तिथं ती सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू होती.