चालत आलेला बाप

झाडं तुम्ही तोडलीत. इकडंतिकडं बघू नका, कचेरीतले साहेब, तुम्हालाच म्हणतोय. गावापासून नदीवरच्या पुलापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पॉप्लरची झाडं होती, आमच्या आज्यांनी लावलेली, आणि रस्ता रुंद करायचाय असं सांगून तुम्ही ती एका वसंतात आडवी केलीत. रस्ता होता तेवढाच आहे. आजही दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला शेतात उतरावं लागतं. मागं राहिले ते फक्त खुंट. सही कुणाची, लाकूड कुणाच्या अंगणात गेलं, असं विचारायला कचेरीत गेलं की उत्तर ठरलेलं : साहेब जेवायला गेलेत. एवढं लांब जेवण आमच्याकडं लग्नातसुद्धा चालत नाही.

हे झालं तुमचं. आता तिहोमिरचं. कारण तुमच्या नावानं बोटं मोडून तो स्वतः सुटू बघतोय, आणि त्याला असं सुटू देणं बरं नव्हे.

तिहोमिर मिरच्या पिकवतो. लेस्कोवाच शहराच्या आसपास दुसरं काय पिकवणार? ऑगस्ट लागला की लांबट लाल मिरच्यांनी शेतं पेटल्यासारखी दिसतात, आणि माणसं पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत वाकून तोडणी करतात. बायको ल्युबिंका ऑस्ट्रियात, ग्राझला, एका म्हातारीची शुश्रूषा करते. नाताळला नि ईस्टरला घरी येते. घरात तिहोमिर, त्याची आई स्तामेना, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी नेवेना. नेवेना शहरात शिकते आणि पळते. म्हणजे शर्यतीबिर्यतीत नव्हे, नुसतीच पळते. सकाळभर बापाबरोबर मिरच्या तोडायची, पाठ मोडेस्तोवर, आणि ऊन कलल्यावर बूट चढवून पुलापर्यंत जाऊन यायची.

"एवढं राबून वर पळायचं कशाला गं?" तिहोमिरनं एकदा विचारलं होतं.

"राबताना मी मिरच्यांची असते, बाबा. पळताना कुणाचीच नसते," ती म्हणाली होती.

त्याला ते कळलं नाही, पण आवडलं होतं. हेही सांगायला हवं. तिची टाच मातीवरून उचलायची ढब हुबेहूब ल्युबिंकाची होती, आणि ती कुंपणावरून दिसेनाशी होईस्तोवर तो बघत राहायचा. घरात असताना.

काफान्यात असताना गोष्ट वेगळी. काफाना म्हणजे आमचा गुत्ता; गावातला एकुलता एक, रस्त्यालाच लागून आहे. संध्याकाळी बाहेर टेबलं मांडतात, सगळे गडी राकियाचे, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचे, पेले घेऊन बसतात आणि रस्त्यानं जो जाईल त्याची सालं काढतात. त्यांचा म्होरक्या म्लाजेन. डुकरं पाळतो, आणि त्याच्या जिभेला हाड नाही.

त्या संध्याकाळी नेवेना आखूड चड्डीत, केस बांधून, काफान्यासमोरून पळत गेली. म्लाजेननं पेला खाली ठेवला.

"तिहोमिर, पोरीच्या मागं कोण लागलंय रे? लांडगा की जावई?"

"लांडगा असता तर हिनंच त्याला पळवला असता," दुसरा कुणी म्हणाला.

"पायांत एवढा जोर आहे तर नांगराला जुंप की! ट्रॅक्टरचं डिझेल वाचेल. आणि चड्डीला कापड कमी पडलं का रे? ल्युबिंकाला सांग, ऑस्ट्रियातून वीतभर पाठव म्हणावं."

सगळे खदाखदा हसले. आणि तिहोमिरही हसला. तोंडदेखलं नव्हे, चांगला मोठ्यानं, मांडीवर थाप मारून, कारण न हसणारा बाप काफान्यात वर्षभर चेष्टेला पुरतो. नेमकी तेव्हाच नेवेनानं मान वळवली. तिनं बापाला हसताना बघितलं, आणि तिचं पाऊल चुकलं नाही. तशीच पुढं गेली.

घरी द्राक्षांच्या मांडवाखाली जेवायला बसले तेव्हा तिहोमिर भाजलेल्या मिरचीची साल सोलत बसला. ती सालही आज सरळ निघत नव्हती.

"तू पळ," तो म्हणाला. "पळू नको असं मी म्हणत नाही. पण रस्त्यावर कुणी नसेल तेव्हा पळ."

"पहाटे?"

"पहाटे सगळं गाव त्याच रस्त्यानं शेतावर जातं."

"मग रात्री? कुत्री सुटलेली असतात."

मिरची त्यानं फाडून ठेवली होती.

"मग दुपारच राहिली की," नेवेना म्हणाली. "दुपारी कुणी नसतं. का नसतं ते ठाऊक आहे ना तुला?"

"दुपारी कुणी नसतं, हे खरंय," तिहोमिर म्हणाला.

बस्स, एवढंच. 'दुपारी पळ' असं तो म्हणाला नाही. असले बाप तसं कधीच म्हणत नाहीत. समोरच्याच्या तोंडून काढून घेतात आणि मान डोलावतात.

"पळा, पळा, आणि घामाच्या अंगानं वाऱ्यात बसा," स्तामेना आजी भाकरी मोडत पुटपुटली. "आमच्या वेळी घामेजलेल्या पोरीला दोन खिडक्यांच्या मधून कुणी जाऊ देत नव्हतं. एक झुळूक लागली की फुप्फुसं धरलीच म्हणून समज."

"आजी, बाहेर चूल पेटल्यासारखा उन्हाळा आहे."

"झुळकीला उन्हाळा-हिवाळा कळत नाही, सोन्या."

मग नेवेना दुपारी पळू लागली. गाव जेवून, खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून अंधारात पडलेलं असायचं. कोंबड्या चोच उघडी टाकून गाडीखाली बसायच्या. अशा रस्त्यावर तिच्या बुटांचा आवाज दूरपर्यंत ऐकू यायचा, आणि तिहोमिर खाटेवर पडून तो ऐकायचा. त्याला बरं वाटायचं. कुणी बघत नाही, कुणी हसत नाही. लाज राखली गेली असं त्याला वाटायचं, आणि तो कूस वळवून झोपायचा.

त्या दिवशी हवा हलतच नव्हती. नेवेना निघाली तेव्हा आजीसुद्धा म्हणाली, "आज राहू दे गं." नेवेनानं बापाकडं पाहिलं. एक शब्द तो बोलला असता तर ती बूट सोडणार होती. तिहोमिर डोळे मिटून पडला होता. जागा होता.

बूट वाजत गेले. परत वाजले नाहीत.

बराच वेळ गेल्यावर तो उठून बसला. फाटकाशी आला. रस्ता पांढरा पडला होता, डोळ्यांत खुपत होता, आणि त्यावर कुणी नव्हतं. आता कुठलाही बाप काय करेल? तिहोमिरच्या पायांनीसुद्धा उचल खाल्ली होती. पण त्याची नजर आधी रस्त्यावर न जाता समोरच्या घराच्या झडपांवर गेली. फटी होत्या. फटींमागं डोळे असणार. आपण या उन्हात धावत सुटलो तर उद्या काफान्यात : 'काय रे, आता बापालाही लागण झाली का?' त्यानं टोपी नीट केली आणि चालत निघाला. भरभर का होईना, पण चालत. तिसऱ्या घराशी तर त्यानं खिशात हात घातले, उगाच मिरच्यांचं पाणी बघायला निघाल्यासारखं.

नेवेना पुलाच्या अलीकडं एका खुंटाला टेकून पडली होती. खुंटाची सावली टोपीएवढी, आणि तिनं डोकं त्या सावलीत घालायची धडपड केली होती. खुंटाच्या सालीनं गाल खरचटला होता. घाम सुकला होता. अंग तव्यासारखं. डोळे उघडे होते, पण ती तिथं नसलेल्या, शाळेतल्या कुठल्याशा बाईंशी बोलत होती.

त्यानं तिला उचललं. आता मात्र तो धावला, पण ओझं घेऊन माणूस किती धावणार?

घरात आणून खाटेवर टाकलं तर आजीनं पहिल्यांदा काय केलं? खिडकी लावली. दार लावलं. "वारा नको! अंग तापलंय!" घरातली राकिया आणून पोरीच्या तळपायांना चोळू लागली, वर एक घोंगडी ओढली.

"पाणी," नेवेना म्हणाली. स्पष्ट म्हणाली.

तिहोमिरनं विहिरीचं पाणी पेल्यात ओतलं. पेल्याला बाहेरून थेंब फुटले. तो ओठांशी नेतोय तोच आईनं मनगट धरलं.

"मारतोस का पोरीला! तापल्या अंगाला गार पाणी? आधी निवू दे तिला, मग पाज."

आणि पन्नाशीच्या त्या गड्यानं, आयुष्यभर हेच ऐकत आलेल्या गड्यानं, पेला खिडकीत ठेवून दिला. पोरगी त्या पेल्याकडं बघत होती. तोही बघत होता.

दार लाथेनं उघडलं. म्लाजेन होता. झडपेच्या फटीतून त्यानं तिहोमिरला पोर उचलून नेताना बघितलं होतं. गाव झोपलेलं नसतंच कधी.

"ही भट्टी का लावलीय? काढ ते घोंगडं! बाहेर आण तिला."

"म्लाजेन, वारं लागेल—" आजी ओरडली.

"काकू, माझ्या डुकरिणीला ऊन लागलं तर मी तिला घोंगडीत गुंडाळत नाही. पाण्याखाली धरतो. हिला निदान डुकराएवढी तरी किंमत द्या! तू काय पुतळा झालास रे? पाय धर!"

दोघांनी तिला मांडवाखाली आणलं. म्लाजेननं अंगणातला पाइप सोडला आणि मानेवर, काखेत, मांड्यांवर पाणी धरलं; एका हातानं फोन करून शहरातून अँब्युलन्स बोलावली, आणि फोनपलीकडच्या बाईला दोन शिव्याही दिल्या. चड्डी आखूड आहे की लांब, याच्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आजी हुंदके देत देवाचं नाव घेत होती आणि सुपानं वारा घालत होती. हो, वारा.

नेवेना वाचली. डॉक्टर म्हणाली, थोडा आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. म्लाजेन इस्पितळाच्या पायरीवर सिगारेट ओढत बसला होता.

"हल्ली संध्याकाळची दिसेना ती," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, शहरात परत गेली. चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं रे. अख्ख्या गावात तेवढंच एक बघण्यासारखं होतं." मग त्यानं तिहोमिरकडं पाहिलं. "पण भर दुपारी कशाला पळायला लागली?"

तिहोमिर म्हणाला, "झाडं तोडली ना त्यांनी."

तेव्हापासून तो हेच म्हणतोय. झाडं होती तेव्हा सावली होती. खरं आहे. खुंट बोलू शकले असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण खरं बोलूनही माणूस खोटारडा होऊ शकतो. एक खरं पुढं करायचं आणि दुसरं त्याच्यामागं लपवायचं. काफान्यात सगळे 'बरोबर आहे' म्हणतात, टेबलावर मुठी आपटतात, तुम्हाला शिव्या घालतात, आणि तिहोमिरचा पेला कुणीतरी भरून देतं. तो पेला त्याला गिळवत नाही. तरी गिळतो.

इस्पितळातून नेवेनाला घरी आणलं त्या संध्याकाळी ल्युबिंकाचा फोन आला. तिहोमिर मिरच्या भाजत होता. हात काळे, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला.

"दुपारी का गेली ती?" ल्युबिंकानं विचारलं. आवाज रडून बसलेला. "ती असली वेडी नाही."

"झाडं तोडली ना त्यांनी. पूर्वीसारखी सावली—"

"मी झाडांचं विचारत नाहीये, तिहोमिर. ती संध्याकाळची पळते. दुपारी कुणी पाठवलं तिला?"

भट्टीवर एक मिरची फुटली. तिहोमिरनं ती उलटली. नंतर दुसरी उलटली.

"कुणी पाठवलं नाही," तो म्हणाला. "स्वतःच गेली. ऐकते का ती कुणाचं? तुझीच पोर."

मागं पायरीवर बूट वाजला. नेवेना दारात उभी होती, भिंतीला एक हात टेकून. गालावरची खपली अजून तशीच. किती ऐकलं असावं, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. सगळं.

तिहोमिरचे काळे हात हवेतच राहिले. त्याला वाटलं, आता ही आईला सांगणार : दुपार बाबानं दिली, त्याला माझी लाज वाटत होती. ते तरी परवडलं असतं. चारचौघांत बसलेला मार माणूस सोसतो. मनातल्या मनात त्यानं मान खालीही घातली होती.

ती हळूहळू आली आणि टेबलाच्या कडेवर टेकली.

"आई, मी बरी आहे," ती फोनकडं बघून म्हणाली. "जरा थांब. फोन ठेवू नको."

मग बापाकडं वळली.

"काफान्यात तू हसलास, त्याचं मी काही विचारत नाही. तिथं सगळेच हसतात. पाण्याचंही नाही विचारत, आजीनं तुझा हात धरला होता. पण त्या खुंटापाशी मी शुद्धीवर होते, बाबा. मधूनमधून होते. रस्ता सगळा सरळ आहे, आता मधे झाडही नाही. तू येताना मला लांबून दिसलास. अगदी गावाच्या वेशीपासून."

तिहोमिरनं हात पुसायला फडकं शोधलं. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

"मला वाटलं, आलासच. मग वाटलं, थबकलास. मग कळलं, तू चालतोयस." तिचा आवाज चढला नव्हता. "खिशात हात घालून."

"तिहोमिर?" फोनमधून ल्युबिंका म्हणाली. "काय म्हणतेय ती?"

मिरच्या करपल्याचा वास सुटला होता. उतरवायला कुणीच उठलं नाही.

"मी मरत होते आणि तू चालत आलास," नेवेना म्हणाली. "का? आईलाही ऐकू दे. झाडांचं नाही, बाबा. तुझं सांग. पळाला का नाहीस?"