सात वेळा कापलेलं नाक

मित्रांनो, मी एक बुटकी, दोन दारांची, म्हातारी स्पोर्ट्स कार आहे. माझ्या हजारभर बहिणी पुढे जपानच्या रस्त्यांवर धावल्या. मी त्या सगळ्यांच्या आधीची. माझ्यावर चुका करून करूनच त्या बिनचूक झाल्या.

माझा जन्म उएदा गावातला, १९६३ सालचा. आमचा कारखाना रेशीम काढायची यंत्रं बनवायचा. नायलॉन आलं आणि यंत्रं पडून राहिली. मालकांनी कामगारांना दोन वर्षं दिली. तेवढ्यात विकण्याजोगी मोटार तयार झाली तर ठीक, नाहीतर फाटकाला कुलूप.

माझं चित्र काढलं मिनेगिशी नावाच्या एकोणतीस वर्षांच्या इंजिनिअरने. त्या चित्रावरून लाकडी साचा झाला आणि साच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला इनागाकींनी. ते साठीला आलेले होते, कमी बोलायचे. माझं लांब, उंच नाक घडवायला त्यांना दोन महिने लागले. सगळे म्हणाले, नाक म्हणजे हिचा दागिना.

पण ताशी एकशे चाळीसच्या पुढे तोच दागिना घात करायचा. वारा खाली शिरून नाक उचलायचा आणि पुढच्या चाकांची पकड सुटायची. एकदा मी अशीच चाचणीची धावपट्टी सोडून तुतीच्या शेतात गेले. चालक हानिउदाचं गळ्याचं हाड मोडलं. मिनेगिशीने अहवालात लिहिलं, चूक चालकाची.

हानिउदा बरा होऊन आला, त्या दिवशी दुपारच्या जेवणाला इनागाकी मिनेगिशीसमोर डबा घेऊन बसले.

“मिनेगिशीसान, कागदावर वारा नसतो. एकदा हिच्यात बसून बघा.”

मिनेगिशी रागाने उठला, पण माझ्यात येऊन बसला. हानिउदाने मला पळवलं. काटा एकशे चाळीसवर गेल्यावर तो म्हणाला, “आता तुम्हीच स्टिअरिंगचं चाक थोडं फिरवा.” मिनेगिशीने फिरवलं. चाक फिरलं, मी सरळच गेले.

खाली उतरून तो थेट माझ्या नाकासमोर आला. मग खडू घेऊन त्याने माझ्या नाकावर आडवी रेघ ओढली.

“इथून कापा.”

“एवढं?” इनागाकींनी विचारलं.

“चित्र चुकलंय माझं. तुमचा हात नाही, आणि हानिउदाही नाही.” असं म्हणून तो दोघांपुढे कमरेत वाकला.

मित्रांनो, मला सात वेळा कापलं, सात वेळा जोडलं. प्रत्येक वेळी यंत्रांवर रेशीम काढून बघणाऱ्या बायका माझ्या अंगभर रेशमाचे धागे एका टोकाने चिकटवायच्या. धागा फडफडला की वारा तिथे अडतोय हे कळायचं. सहाव्यांदाही धागे फडफडले, तेव्हा मिनेगिशी नुसता म्हणाला, “पुन्हा.” सातव्यांदा ते अंगाला चिकटून राहिले. ताशी एकशे साठला हानिउदाने चाक वळवलं आणि मी वळले. मुदतीचे बारा दिवस उरले होते.

माझ्या बहिणी टोकियोच्या प्रदर्शनात दिमाखात उभ्या राहिल्या. कारखाना तगला. माझं ठिगळांचं नाक मात्र कुणाला दाखवणार? मला रेशीमकोशांच्या गोदामात ढकललं. वीस वर्षं तिथे होते. गादीत उंदरांनी पिल्लं घातली, ब्रेक गंजून आवळले गेले. इनागाकी गेल्याचं मला दोन हमालांच्या बोलण्यातून कळलं.

शेवटी मिनेगिशीनेच मला शोधून काढलं. कारखान्याच्या लोकांनी नवं गुळगुळीत नाक बसवायचं सुचवलं. त्याने साफ नकार दिला. आता तो थकलाय. स्टुलावर बसून माझी चाकं पुसतो आणि बघायला येणाऱ्यांना सांगतो, “ही माझी चूक. आणि हे इनागाकींचं काम.”

मित्रांनो, तुमच्या हातून बिघडलेली पहिली वस्तू लाजून फेकून देऊ नका. तिला पुसा, तेल घाला, झाकून ठेवा. चांगली जमलेली वस्तू तुम्हाला कौतुक मिळवून देईल. तुम्ही मध्येच हात टेकले नव्हते, हे सांगायला मात्र ही बिघडलेलीच लागेल.