नाकाला झोंबलं पाहिजे

"झोंबलं नाही, मावशी. परत मारा," सुपरवायझर दारातूनच म्हणाला. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही पठ्ठ्यानं!

शाळा सुटली की मी आईच्या ऑफिसात जायची. ऑफिस कसलं तिचं. तिथले संडास तेवढे तिचे. फरशीत तोंड दिसेल अशी घासायची. पण सुपरवायझरची परीक्षा एकच. दारात उभं राहून हुंगायचं, नाकाला झोंबलं तर पास.

"एवढं चकचकीत दिसत नाही का तुम्हाला?" मी म्हणाले.

"तुमची पोरगी फार बोलते हां, मावशी."

"माझ्यावर गेलीय," आई हसली आणि पुन्हा आत गेली.

संडासात ॲसिड पडलेलंच होतं. त्यावर तिनं ब्लीच ओतलं. सगळ्याच बायका असं करायच्या. त्याशिवाय सुपरवायझरचं नाक पास करायचंच नाही. खिडकी एसीपायी कायमची ठोकून बंद.

आधी आईचा खोकला ऐकू आला. मग तोही थांबला.

मी श्वास रोखून आत घुसले आणि तिला काखेत धरून जिन्यापर्यंत फरफटत आणलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. फुप्फुसं आतून भाजतात. आज जीव वाचला. पण यांचं हे रोज थोडं थोडं चाललं होतं. पहिल्यासारखा दम आता येईलसं वाटत नाही."

संध्याकाळी सुपरवायझर आला. वॉर्डाच्या दारातच उभा, नाकाला रुमाल.

"डब्यावर लिहिलेलं असतं की, मिसळू नका म्हणून. वाचायचं ना!"

"तुम्ही वाचलं होतं?"

त्यानं रुमाल नाकावर आणखी दाबला. म्हणजे वाचलं होतं! माझं डोकंच फिरलं.

"आत या ना, काका. घाबरू नका, इथे झोंबत नाही."

आला नाही.

आई घरी आली. तिची शिट्टी म्हणजे आमच्या गल्लीची शान! दोन बोटं तोंडात घालून एकदा वाजवली, की मैदानाच्या पलीकडून मी घरी पळत यायची.

परवा मी मैदानात होते. आई दारात आली. तिनं दोन बोटं तोंडात घातली, गाल फुगवले, मान ताणली. आवाज आला नाही. ती बोटं पुसून पुन्हा तोंडात घालत होती.

"आले गं!" मी ओरडले आणि धावत सुटले.