पाण्याचं वजन

मित्रांनो, मी एक जुना खडक आहे आणि जिवंत आहे. दगड असून जिवंत कसा, असे विचारू नका. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर असे दोन-तीन असतीलच.

माझ्या अंगाला भोकेच भोके आहेत आणि त्यांत भाडेकरू राहतात. केसाळ किडे, नखाएवढे खेकडे, शर्टाच्या बटणाएवढा एक तारामासा आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू. माशांची घाण जंतू संपवतात, म्हणून टाकीतले पाणी माशांना मानवते. माझे काम फक्त जागा देणे. माझ्या आठवणींनाही भोके आहेत. तिथे मी कंस रिकामा ठेवीन.

माझा जन्म समुद्रात झाला. मला घडायला (      ) वर्षे लागली. मग कोणीतरी मला उचलले, (      ), आणि मी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, खाऱ्या पाण्याच्या टाकीत येऊन पडलो. तिथे बारा वर्षे नोकरी केली. दात काढायला आलेली मुले माझ्याकडे बघून रडायची थांबत आणि म्हणत, "मासा किती छान आहे." मासा माझ्यापुढे असायचा ना. कौतुक त्याचे, घाण माझी.

पुढे दवाखाना बंद झाला. मासे डॉक्टरांच्या नातेवाइकांकडे गेले. दगडाला नातेवाईक नसतात. काचेवर चिठ्ठी लागली : 'जिवंत खडक. दुकानाच्या निम्म्या भावात. किलोवर.'

चिठ्ठी वाचून एक जोडपे आले. बाई निवृत्त नर्स. घरात छोटासा समुद्र असावा, ही त्यांची जुनी हौस. टाकी आणली, खारे पाणी भरले. पण खडकावाचून मासे जगेनात आणि दुकानातला खडक परवडेना. नवरा वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. ताणकाटा घरूनच आणलेला.

नर्सबाई बादलीत टाकीचे पाणी भरायला आत गेल्या. साहेबांनी मला काट्याला टांगले.

"साडेसहा किलो. यात पाणी किती?"

"असेल थोडं," डॉक्टर म्हणाले.

"थोडं म्हणजे? एकोणतीस वर्षं मी कोणाला ओला माल तोलू दिला नाही. निथळू द्या."

"अहो, तो ओलाच ठेवायचा असतो. वाळला तर आतले जीव मरतील."

"पालेभाजीवालेही हेच सांगायचे."

डॉक्टरांना तोंड उघडे असूनही उलट उत्तर न देणाऱ्या माणसांची सवय. त्यांचा नाइलाज झाला. मी पायरीवर, उन्हात, स्टीलच्या ट्रेमध्ये. दर पाच मिनिटांनी वजन. सहा चारशे. सहा तीनशे. साहेब खूश.

वरच्या भोकातून केसाळ किडा म्हणाला, "मालक, नळ गेला का?" मधल्या भोकातून खेकडा म्हणाला, "मालक, (      )." खालून (      ).

(      )

नर्सबाई बादली घेऊन बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

"पाणी काढतोय. दोनशे ग्रॅम वाचले."

त्या वाकल्या. तारामासा भोकाच्या तोंडाशी मलूल लोंबकळत होता.

"वाचले? मरतायत ते. पेशंटचं वजन करायला सलाईन उपटतात का? किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"घड्याळ लावून मारताय. धरा ही बादली."

बसमध्ये बादली साहेबांच्या मांडीवर होती. प्रत्येक ब्रेकला त्यांची पँट भिजत होती.

"अगं, पाणी कमी होतंय गं."

"मग? वजन घटतंय. खूश व्हा."

घरी टाकीतले पाणी गढूळले आणि त्याला वास येऊ लागला. तो माझ्या गेलेल्या भाडेकरूंचा वास होता. बाई रोज पाणी तपासत, तक्ता भरत आणि मान हलवत. मासे आणायचे नाव नाही. साहेबांनी काचेसमोर खुर्ची टाकली आणि तिथून ते हलेनात.

तेविसाव्या दिवशी पाणी नितळ झाले. त्या संध्याकाळी ते हळूच म्हणाले, "अगं, ये. तो आलाय."

तारामासा काचेवर चढत होता.

"चारच हात आहेत हो. एक गळाला," बाई म्हणाल्या. "पण उगवेल."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. आयुष्यात कमी भरलेला माल त्यांनी कधी सोडला नव्हता.

"पूर्ण आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, कोणालाही घरी आणाल तेव्हा त्याच्या पाण्यासकट आणा. एवढेच मागणे. आणि हा शेवटचा कंस

(      )

रिकामा नाही बरं का. इथे कालच कोणीतरी राहायला आले आहे. अजून लाजते आहे. जरा हळू बोला.