मी पडणारी दाढ नव्हे

मित्रांनो, मी खालच्या जबड्यातली, डाव्या बाजूची जुनी दाढ आहे. माझ्या माथ्यावर एक बुजवलेला खड्डा आहे, बाकी मी ठणठणीत आहे. अजूनही कडक भाकरी नि भाजलेले दाणे हसत चावते, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

माझी मालकीण सहा वर्षांची असताना मी उगवले. घरात तिला ठमी म्हणत. तिचा दुधाचा दात पडला की तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला जाई. माझ्यासाठी मात्र कुणीच पडलं नव्हतं. मी सगळ्या दातांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून हळूच वर आले. उजवीकडे माझी जुळी बहीण आली. आमच्या येण्याचा घरात कुणाला पत्ताच लागला नाही.

ठमीची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. सकाळचा भोंगा वाजायच्या आत जायची ती अंधार पडल्यावर परतायची. दिवसभर ठमी आत्याकडे असे. आत्या घरी शर्टांना बटणं लावायची. ठमीने भुणभुण लावली की तिच्या तोंडात गोड गोळी जाई आणि आत्या पुढच्या शर्टाला मोकळी होई. आत्याची माया कमी नव्हती, तिला हात दोनच होते. त्यात ठमीला सारखा खोकला. झोपताना ती गोड औषध घ्यायची आणि तशीच आडवी व्हायची. आमच्या माथ्यावर खोल चिरा होत्या. त्यांत तो गोडवा सकाळपर्यंत मुक्काम ठोकायचा. ब्रश रोज फिरायचा, पण पुढच्या दातांवरूनच माघारी वळायचा.

एक दिवस बहिणीवर काळा ठिपका दिसला.

"दुधाचीच दाढ ती," आई म्हणाली. "पडेल आपोआप."

आत्यानेही मान डोलावली. माझा नुसता जळफळाट झाला, पण दाढेला कुठली आलीय वाचा!

ठिपक्याचा खड्डा झाला, खड्ड्यातून कळा येऊ लागल्या. दवाखाना होता, पण तो आई मशीनवर बसल्यावर उघडायचा आणि ती उठण्याआधी मिटायचा. रजा मागितली की मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडत. अखेर ठमीचा गाल टम्म सुजला, तेव्हा आई रजा न मागताच तिला घेऊन निघाली.

डॉक्टरबाईंनी छोटा आरसा तोंडात घातला. "ताई, उजवीकडची दाढ काढावी लागेल. फार किडलीय."

"काढा की. नवी येईलच ना?"

"नाही हो. ही कायमची दाढ. कुणाच्या जागी येत नाही, मागे नवीच उगवते. म्हणून फसायला होतं."

आईचा चेहरा उतरला. "मी रोज बघत होते हो. पडायची वाट बघत होते."

"एकट्या तुमची नाही ही चूक. तुम्ही कामावरून सुटता तेव्हा माझ्या दाराला कुलूप असतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हिच्यावरही ठिपका आहे. पण आज भरली तर ही वाचेल."



"मग आजच भरा," आई म्हणाली. "कामाचं काय ते मी बघून घेईन."

बहीण गेली. मला फार एकटं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी जे घडलं ते ऐका. जेवणाच्या सुट्टीत आईने ठमीला कारखान्यात नेलं, बायकांच्या घोळक्यात उभं केलं आणि म्हणाली, "आ कर गं." मग माझ्यावर बोट ठेवलं. "ही नीट बघून घ्या. ही पडत नाही. घरी गेल्यावर पोरांच्या तोंडात मागे बघा." शिवणाऱ्या बायका वाकवाकून मला पाहत होत्या. असा मान कुठल्या दाढेला मिळाला असेल? पुढे त्याच बायकांनी मिळून डॉक्टरबाईंना गाठलं आणि आठवड्यातून एका संध्याकाळी दवाखाना उघडा राहू लागला. आत्याने गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर चढवला आणि ठमीला बटणांच्या माळा ओवायला बसवलं. औषधानंतर चूळ भरल्याशिवाय ठमीला उशी मिळेनाशी झाली.

आज ठमी आजी झाली आहे. उजवीकडची जागा रिकामीच आहे, तिथलं कामही मीच ओढते. परवा तिने नातीच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि केवढ्यांदा ओरडली, "अगं बाई, आली!" सगळं घर धावत बघायला आलं. मला माझी बहीण आठवली आणि भरून आलं.

मित्रांनो, आज आरशासमोर मोठा आ करा आणि शेवटच्या दुधाच्या दातामागे पाहा. तिथे कुणी नवी आलेली दिसली तर घरात मोठ्याने सांगा. ब्रश तिच्यापर्यंत न्या. तिला पाहुणी समजू नका, ती राहायला आली आहे.