डाव्या हातातला दिवा

केतनने ओमतीच्या बाजारातून फ्रेम करून आणलेलं चित्र शकुताईंच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा मी मनातल्या मनात नर्मदामैयाला हात जोडले.

शकुताई म्हणजे माझ्या यजमानांची, रत्नाकररावांची, थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्या माझ्याजवळच असतात. काचबिंदूने एक डोळा गेला, दुसराही जाऊन राहिलाय. त्यांचं एकच मागणं होतं, दिसतंय तोवर पिपरघाट पुन्हा एकदा पाहायला मिळावा. पिपरघाट त्यांचं माहेर. नर्मदेकाठचं इवलंसं गाव, माझ्या लग्नाआधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं. घरात त्याचा एकही फोटो नाही. तेव्हा फोटो निघायचे ते लग्नात, तेही पडद्यासमोर.

हे चित्र माझ्या मुलाला, केतनला, नेटवर सापडलं. इंग्रजांच्या काळातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. बारीक काळ्या रेघांत घाट, देऊळ, नावा, आणि खाली इंग्रजीत गावाचं नाव.

"आत्या, देखो तो सही! तुझं गाव."

शकुताईंनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"हे आमचं नव्हे."

"काहून हो?" मी विचारलं.

"देवळातून निघालं की मैया उजव्या हाताला. आई म्हणायची, तिला उजवीकडे ठेवून चाला, थोडं तरी परिक्रमेचं पुण्य लागेल. इथे डावीकडे आहे. गोऱ्याने दुसऱ्याच कुठल्या गावाला आमचं नाव चिकटवलं."

"पण आत्या, नीचे लिखा है ना!"

"लिहिलेलं तू वाच, बाबा. मी त्या घाटावर धुणी धुतली आहेत."

रात्री त्या अर्धी पोळी टाकून उठल्या.

चित्रात देऊळ होतं, म्हणून मी ते जमिनीवर न ठेवता देवघराशेजारी टेकवलं. सकाळी माळ झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही. जप करताना नजर त्या चित्राकडे गेली. खालच्या पायरीवर एक बाई नदीत दिवा सोडत होती, डाव्या हाताने. वर पुजारी तीर्थ देत होता, तोही डाव्याच हाताने. एखादी बाई डावरी असेलही, पण देवाचं काम डाव्या हाताने कोण करेल? आणि पुजारीसुद्धा?

निरांजन घेऊन उठले, तर समोर कपाटाच्या आरशात मी. माझ्या उजव्या हातातलं निरांजन तिकडे डाव्या हातात.

मैयाची क्षमा मागितली, आरती तशीच ठेवली आणि शकुताईंना हाक मारली. त्यांना खुर्चीवर बसवून चित्र आरशासमोर धरलं. केतन दात घासता घासता आला.

"अरे हाँ! पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं. कोरणाऱ्याने अक्षरं तेवढी उलटी कोरली, चित्राचं ध्यानातच नसेल आलं."

शकुताईंचं लक्ष नव्हतं. चांगल्या डोळ्याला भिंग लावून त्या आरशाकडे वाकल्या होत्या. मग त्यांचं बोट हळूच काचेवर फिरू लागलं.

"हे राममंदिर... उजवीकडे मैया. हा बुरूज. रत्नाकर इथूनच उडी मारायचा. बाबा काठी घेऊन वर उभे, आणि हा पाण्यातून बाहेरच येईना!"

यजमानांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. कुठला बुरूज, ते पाहायला मी चित्र हातात धरूनच पुढे वाकले.

"हेमा, सरक ना जरा," शकुताई म्हणाल्या. "सगळ्या घाटावर तुझंच डोकं येऊन राहिलं."